तार कुणी तोडली

कडूबाच्या हाताला दोरी बांधून शिपाई त्याला बांधावरून चालवत नेत होते, तरी झुंबरबाईला आधी काही उमजलंच नाही. तिला वाटलं, रात्रभर कण्हणाऱ्या तिच्या माणसाला जालन्याच्या दवाखान्यात नेत असतील. काल त्याच्या अंगातून वीज गेली होती. उजवा हात खांद्यापासून लुळा लोंबत होता आणि बोटं वाकडी होऊन तशीच राहिली होती. पण दवाखान्यात नेताना कुणी दोरी बांधत नाही. हे ध्यानात आलं तशी हातातलं फावडं टाकून ती धावली आणि गावच्या पोलीस पाटलाला तिनं अडवलं.

"अवो रामरावदादा, ह्ये काय लावलंय? मानसाला कुठं न्यून राह्यले?"

रामराव पाटलानं तिच्याकडं बघितलं नाही. पागोट्याचं टोक उगीच सारखं करत तो म्हणाला, "चौकीवर. तार तोडली म्हनून धरलंय त्याला."

"कुनी? आमच्या मानसानं?"

"मॅनेजर म्हनतेत तसं. म्या काय करू, झुंबरबाई?"

तिच्या मागं, नाल्याच्या काठावर सात मेंढरं मरून पडली होती. त्यांच्यासाठी ती खड्डा खणत होती. खालच्या ओल्या मातीवर तार जिथं पडली होती तिथलं गवत रेघ ओढल्यासारखं जळून गेलं होतं. मेंढरं तिची मेली, हात तिच्या नवऱ्याचा गेला आणि चोरही तोच ठरला. झुंबरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिच्या कानशिलांवरच्या शिरा मात्र तटतटून फुगल्या.

घडलं होतं ते सगळ्या कुरणवाडीला ठाऊक होतं. जालन्याला स्टेशनाजवळ कंपनीचं वीजघर होतं. तिथून लोखंडी खांबांची रांग निघून राजूरच्या रस्त्यानं चार कोसांवरच्या कापसाच्या जिनिंगपर्यंत जायची. कुरणवाडी वाटेत. गावाच्या रानात खांब होते, डोक्यावरून तारा होत्या, पण गावाला त्यातला एक दिवा माहीत नव्हता. सरकी-कापसाचे दिवस आले की जिनिंग दिवसभर धडधडायचं आणि दिवेलागणीला त्याचा भोंगा व्हायचा. भोंगा झाला की थोड्याच वेळात नाल्याकाठच्या खांबावर, तार जिथं चिनी मातीच्या वाटीला बांधलेली होती तिथं, तडतड सुरू व्हायची. तेलात मोहरी टाकावी तशी. दिवाळीपासून हे रोज चाललं होतं. गुराखी आणि मेंढके त्या खांबाला वळसा घालून जात. कंपनीची माणसं कधीमधी येत, वर बघत आणि जात.

त्या संध्याकाळी आभाळ झाकळून आलं होतं. दुपारपासून बारीक भुरभुर चालली होती. कडूबा मेंढरं घेऊन नाल्यानं परत येत होता. भोंगा झाला, तडतड वाढली, आणि एकाएकी निळाजांभळा लोळ उठून तार तुटली. पुढं चाललेली मेंढरं जागच्या जागी गुडघ्यांवर बसली आणि पुन्हा उठलीच नाहीत. कडूबा एकीला ओढायला वाकला तसा कुणी लाथ घालावी तसा मागं फेकला गेला. शुद्ध आल्यावर त्यानं पहिलं काय केलं, तर उरलेला कळप मागं वळवला. दुसरं, घराकडं न येता तो हात छातीशी धरून जिनिंगकडं पळत गेला आणि तिथल्या पहारेकऱ्याला म्हणाला, "जल्दी फोन लावा, वीज बंद करायला सांगा. त्या वाटेनं बायामानसं येत्यात." फोन झाला, वीज बंद पडली. खळ्यावरून परतणाऱ्या बाया त्या तारेवरून निवांत पाय टाकत घरी आल्या.

आणि म्हणूनच तो सापडला. पहिल्यांदा कुणी सांगितलं? कडूबानं. तिथं कोण होतं? कडूबा.

सकाळी कंपनीचे मॅनेजर काकासाहेब मोटारीतून आले, बरोबर दोन तारवाले. मागून घोड्यावर अमीनसाहेब, म्हणजे चौकीचे मुख्य. मुलखात ते दिवस धामधुमीचे होते. कुठं टपालाच्या तारा तोडल्या जात होत्या, कुठं रेल्वेचे रूळ उखडले जात होते. काकासाहेबांनी वर खांबाकडं बघितलं, खाली तारेकडं बघितलं आणि एका श्वासात सांगून टाकलं, "तोडलेली आहे." कडूबाला दोरी लागली, आणि झुंबरबाई धावत आली तेव्हा शिपाई बांधावरच त्याची पिशवी उलटी करत होते. तिच्यातून भाकरीचं फडकं पडलं, तंबाखूची चंची पडली आणि कातर पडली.

"हा बघा मुद्देमाल," काकासाहेब म्हणाले.

"आवो, लोकर कातरायची कातर हाय ती!" झुंबरबाई ओरडली. "मेंढराच्या अंगाला गोखरू चिकटतंय, ते काढायला ठिवतोत. तांब्याची तार म्हंजे काय लोकर हाय व्हय? अन् खांबावर चढला कसा त्यो? वरती वीज असतांनी?"

तारवाल्यांनी तुटलेलं टोक कापून अमीनसाहेबांच्या हवाली केलं, नवा तुकडा घालून तार जोडली, आणि दुपार व्हायच्या आत जिनिंग पुन्हा धडधडायला लागलं. तार जोडायला अर्धा दिवस पुरला. माणूस मात्र कोठडीत.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच घोंगडी खांद्यावर टाकून झुंबरबाई जालन्याला निघाली. वाटेत तिला दोघी-तिघींनी अडवलं. कंपनीच्या नादी लागू नकोस, अमीनसाहेब तुलाही आत घालील, म्हणाल्या. "घालू दे," ती म्हणाली. "जोडीनं बसू."

वीजघराचं इंजिन लांबूनच ऐकू येत होतं. फाटकावरच्या पठाणानं तिला आत सोडलं नाही. काकासाहेब कचेरीच्या पायऱ्या उतरून मोटारीत बसताना तिनं हाक मारली, "साहेब, आमच्या मानसाचं काय?" काकासाहेबांनी ड्रायव्हरला चल म्हटलं. मोटारीच्या चाकांचा फुफाटा तिच्या तोंडावर बसला.

ती फाटकासमोरच्या चहाच्या टपरीशेजारी बसून राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती मोठ्यानं विचारत होती, तार आपोआप तुटती का, ह्ये मला कुनी सांगल का? लोक हसून पुढं जात. एक जण मात्र हसला नाही. चष्मा लावलेला, कोटाला तेलाचे डाग पडलेला तिशीतला माणूस चहाचा पेला हातात घेऊन थबकला.

"तुम्ही कुरणवाडीच्या का, मावशी?"

"व्हय. तुमी कोन?"

"मी राधाकिसन. वीजघराच्या बोर्डावर असतो, काटे बघतो. जुन्या जालन्यात राहतो." त्यानं इकडंतिकडं बघितलं. "तुमच्या माणसाला किती लागलं?"

"हात गेलाय. अन् वरून चोर केलंय त्याला."

राधाकिसन तिच्यापासून जरा अंतर ठेवून बाकड्यावर टेकला. हैदराबादेत विजेची परीक्षा देऊन आलेला माणूस होता तो. बोलला ते हळू आवाजात.

"तार आपोआप तुटते, मावशी. जळून तुटते. तुम्ही मोटेचा पाट बघितलाय ना? पाट लांब असला की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचेपर्यंत धार बारीक होते. तसंच विजेचं. इथनं जिनिंग चार कोस. त्यांची यंत्रं चालू झाली की तिकडं व्होल्टेज पडतं, म्हणजे विजेचा जोर कमी होतो. यंत्रं तापतात, दिवे मिणमिणतात. मग जिनिंगचे शेठ काकासाहेबांना ओरडतात, आणि काकासाहेब मला सांगतात, चाक फिरव, इथून जोर वाढव."

"मंग?"

"मग संध्याकाळी भोंगा होतो. जिनिंग एकदम बंद. शेवटचा वाफा बांधून टाकला आणि वरून मोट चालूच, तर पाट कुठं फुटेल?"

"जिथं कच्चा असंल तिथं."

"तिथंच. ओढणारं कुणी नाही, त्यामुळं सगळ्या तारेवर जोर चढतो. तुमच्या नाल्यावरच्या खांबाची चिनीची वाटी तडकलेली आहे. तिच्यावर कापसाची धूळ, धुळीवर ओल. तिथून वीज खांबात शिरते, ठिणगी पडते, आणि ठिणगीनं तार जळत जाते. तुटून पडली तरी इथं बोर्डावर काटा नीट हलतसुद्धा नाही. मातीत जाणारी वीज तेवढी मोठी नसते. माणूस मारायला मात्र पुरते."

झुंबरबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं जे विचारलं ते राधाकिसनला अपेक्षित नव्हतं.

"वाटी तडकलीय, ह्ये तुमाला कधीपासून म्हाईत हाय?"

त्यानं पेला खाली ठेवला. "दिवाळीपासून. मी काकासाहेबांना सांगितलं होतं. भोंग्याच्या आधी जिनिंगनं फोन करावा, मी जोर उतरवतो, म्हणालो. जिनिंगवाले म्हणाले, आम्हाला तेवढी फुरसत नाही. काकासाहेब म्हणाले, चाकाला हात लावायचा नाही, शेठची तक्रार पुन्हा आली तर तुझी नोकरी जाईल."

"म्हंजी तुमाला ठावं, काकासाहेबाला ठावं, जिनिंगवाल्याला ठावं. अन् धरला कोन? ज्याला काईच ठावं न्हाई त्यो!" ती उभी राहिली. "उठा. चला चौकीवर. ह्येच अमीनसाहेबापुढं बोला."

राधाकिसनच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "मावशी, माझं घर आहे, म्हातारी आई आहे. उद्या मला रस्त्यावर काढतील. शिवाय सध्याचे दिवस कसे आहेत... तार तोडणाऱ्यांना सामील म्हणून मलाही धरतील."

"मला आई न्हाई म्हनून म्या आले का हितं?"

"एवढं ऐका. त्या खांबाजवळ भोंग्यानंतर कुणी जाऊ नका. नवा तुकडा घातलाय, वाटी तीच आहे. रोज तसंच होणार."

"ह्ये मला सांगताय? तुमी बोर्डावर बसून काटा बघताय. आमी त्या खांबाखालून जातोय." तिचा आवाज चढला तसे टपरीवरचे लोक वळून बघू लागले. राधाकिसन मान खाली घालून फाटकातून आत गेला. काकासाहेबांचा तिला राग होताच. पण या चष्मेवाल्याचा जास्त आला. तो खोटं बोलला नव्हता. खरं बोलला होता, आणि बोलून आत निघून गेला होता.

चौकीत कडूबा गजांमागं भिंतीला टेकून बसला होता. हात सुजून पिशवीसारखा झाला होता. बायकोला बघून तो एवढंच म्हणाला, "मेंढरांला पानी दावलं का?" झुंबरबाईनं तोंड फिरवलं आणि अमीनसाहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

अमीनसाहेब उतारवयाचे होते. दाढी मेंदीनं रंगवलेली, समोर पानदान. "क्या है बाई? वकील लाओ, फिर बात करो."

"वकील नगं. ती कातर द्या तेवढी."

"कातर तो मुद्देमाल है."

"मला न्यायची न्हाई. तुमच्याच हातात घ्या. अन् तारेचा तुकडा ठिवलाय ना तुमी? कापून दावा. एकदाच. कापला तं मला बी आत घाला."

अमीनसाहेब हसले. तरी बाजूचा शिपाई उत्सुकतेनं पुढं सरकला होता, आणि त्यांनाही बहुधा आदल्या दिवसापासून काही टोचत असावं. त्यांनी कपाट उघडायला लावलं. करंगळीएवढ्या जाड तारेवर त्यांनी कातर लावली आणि दाबली. पुन्हा दाबली, दोन्ही हातांनी. तारेवर नखाएवढी खूण उमटली आणि कातरीच्या पात्याला खाच पडली. परवाच धार लावलेलं पातं होतं ते. बाकी कुठं ओरखडासुद्धा नव्हता. मग त्यांनी तारेचं तुटकं टोक उजेडात धरलं. काकवीचा थेंब लोंबावा तसा तिथं तांब्याचा गोळा झाला होता.

"हम्म," ते म्हणाले. "कातरीनं न्हाई झालं, मान्य. पर काकासाहेब म्हणतेत, तोडताना बी ठिणगी पडती, टोक पिघळतं. दुसऱ्या कशानं तोडली असेल."

"तार कुनी तोडली त्ये म्या दावते. आज सांजच्याला भोंग्याच्या आधी नाल्यावर या. काकासाहेबाला बी आना. आमचा मानूस तुमच्या कोठडीत हाय, म्हंजी त्यो न्हाई करनार. गावाला लांब उभं करा. मंग बघा."

अमीनसाहेबांनी पान लावलं, तोंडात घातलं आणि बराच वेळ चावलं. आपल्याला कुणी बनवतंय, ही शंका त्यांना मुळीच सोसत नसे. मग ती धनगराच्या बाईनं बनवलेली असो की मोटारवाल्या मॅनेजरनं. "ठीक है," शेवटी ते म्हणाले. "मगर कुछ नहीं हुआ, तो समझ लेना."

त्या दिवशी दुपारी पुन्हा थोडी भुरभुर झाली. दिवस कलताना सगळी कुरणवाडी नाल्याच्या अलीकडं गोळा झाली. रामराव पाटील होता, पण मागच्या रांगेत. अमीनसाहेब घोड्यावर आले. काकासाहेबांची मोटार उशिरा आली. उतरताना त्यांचा चेहरा निवांत होता. रुमालानं हात पुसत ते अमीनसाहेबांना म्हणाले, "आपण एका अडाणी बाईच्या नादानं एवढ्या लांब आलात. माझी काही हरकत नाही. बघू द्या तिला."

जिनिंगचा भोंगा झाला. लांबून येणारी धडधड थांबली. सगळ्यांनी खांबाकडं बघितलं.

काहीच झालं नाही.

काकासाहेबांनी घड्याळ काढून बघितलं. कुणीतरी खाकरलं. झुंबरबाईला तो चष्मेवाला आठवला आणि वाटलं, आज त्यानं चाक फिरवून जोर उतरवला. अमीनसाहेब तिच्याकडं वळून काही बोलणार, एवढ्यात वरून बारीक सू-सू असा आवाज आला. मग तडतड. चिनीच्या वाटीभोवती निळसर उजेड फुटला, विझला, पुन्हा फुटला आणि वाटीच्या कडेवरून लोखंडाकडं ओघळायला लागला. खांबच गुणगुणायला लागला. अमीनसाहेबांचा घोडा कान टवकारून फुरफुरला आणि पुढच्या पायांखाली निखारे असावेत तसा मागं मागं सरकू लागला. त्याला आवरता आवरता त्यांचं पान तोंडातून पडलं.

"मागं व्हा!" काकासाहेब ओरडले. त्यांच्या आवाजातला निवांतपणा कुठल्या कुठं गेला होता. "सगळे मागं! खांबाला कुणी हात लावू नका, जमीन ओली आहे!"

"कामून?" झुंबरबाई पुढं आली. "कामून हात लावू नगं? काल तं तुमी म्हनला, खांब बराबर हाय, तार बराबर हाय, आमचा मानूसच चोर हाय! मंग आता कामून भिऊन राह्यले? हात लावा की खांबाला!"

ती खरोखरच खांबाकडं चालायला लागली. अमीनसाहेब घोड्यावरून उतरले आणि तिचा पदर धरून त्यांनी तिला मागं खेचलं. "पागल हुई क्या?" मग ते काकासाहेबांकडं वळले. वर ठिणग्या पडत होत्या आणि त्यांच्या उजेडात दोघांचे चेहरे निळे दिसत होते. "मॅनेजरसाब, ही कुणाची कातर चालू आहे वर?"

काकासाहेबांनी ओठ चाटले. जवळ सरकून ते हळूच उर्दूत काही बोलले. त्यातला एक शब्द झुंबरबाईला नीट ऐकू आला: गलतफहमी.

"काई गलतफहमी न्हाई!" ती म्हणाली. "तुमाला दिवाळीपासून म्हाईत व्हतं. तुमच्या बोर्डावर म्हाईत व्हतं, जिनिंगवर म्हाईत व्हतं. माझी मेंढरं मेली, तवा बी म्हाईत व्हतं. अमीनसाहेबाच्या कानात बोलू नगा. ह्या गावापुढं बोला. म्हना, कडूबानं तार तोडली न्हाई!"

गावातल्या बायकांमध्ये एकदम कुजबुज उठली. लग्न होऊन आल्यापासून झुंबरबाईनं कधी नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. तिनं ते पुन्हा उच्चारलं, आणखी मोठ्यानं. "म्हना! कडूबानं तोडली न्हाई!"

काकासाहेब म्हणाले नाहीत. मोटारीकडं जाताना ते एवढंच म्हणाले, "अपघात आहे. चौकशी होईल." मोटार निघून गेली. थोड्या वेळानं वरची तडतड एकाएकी बंद पडली. कुठून तरी कुणीतरी जोर उतरवला होता.

सकाळी अमीनसाहेबांनी कडूबाला सोडलं आणि खाच पडलेली कातर झुंबरबाईच्या हातात ठेवली. "गाव में मैं बोल दूंगा," ते म्हणाले, आणि खरोखरच चावडीवर येऊन बोलून गेले. रामराव पाटलानं मान डोलावली, जणू तो पहिल्यापासून हेच सांगत आला होता. झुंबरबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो उठून गेला.

आठवडा गेला नसेल, तोच कंपनीची बैलगाडी आली. गाडीत पेंढ्यात बांधलेल्या नव्या चिनीच्या वाट्या होत्या. तारवाल्यांनी नाल्यावरचीच नाही तर पार जिनिंगपर्यंतच्या सगळ्या तडकलेल्या वाट्या बदलल्या. झुंबरबाईनं गाडी अडवून विचारलं, "ह्या कवा आल्या?"

"दिवाळीतच आल्त्या की," एक तारवाला सहज म्हणाला. "गोदामात पडून व्हत्या. बसवायच्या म्हनलं की लाइन एक दिवस बंद ठिवावी लागती. सुगीत जिनिंग कोन बंद ठिवंल?"

एक दिवस. सात मेंढरं आणि माणसाचा हात, जिनिंगच्या एका दिवसासाठी. त्या रात्री झुंबरबाईनं चूल पेटवली नाही. कडूबा समजूत घालायला गेला तर त्याच्यावरही ओरडली, "तुमी तं पळत गेल्ते त्यांला सांगायला! त्यांची वीज बंद करायला!" कडूबा म्हणाला, "बाया येत व्हत्या ना त्या वाटेनं." त्याचाही तिला रागच आला.

राधाकिसन तिला पुन्हा भेटला तो राजूरला, चतुर्थीच्या दिवशी. गणपतीच्या पायऱ्यांखाली ती आणि कडूबा फडकं सोडून भाकरी खायला बसले होते. तो समोर येऊन उभा राहिला. अंगात कोट नव्हता.

"मावशी, ओळखलं का? माझी नोकरी गेली." तो उकिडवा बसला. "त्या संध्याकाळी काकासाहेबांनी निघताना मला बजावलं होतं, आज भोंग्याच्या आधी जोर उतरव, अमीनसाहेबांना काही दिसता कामा नये. मी हो म्हणालो. चाकावर हात ठेवून उभा होतो. भोंगा झाला. वाटत होतं, फिरवावं. मग नाही फिरवलं. रोज जिथं होतं तिथंच राहू दिलं. ते परत येईपर्यंत."

तो थांबला. काहीतरी ऐकायची वाट बघत होता, हे झुंबरबाईला कळत होतं. कडूबानं तिच्याकडं बघितलं. तिनं हातातली भाकरी खाली ठेवली.

"म्हंजी चाक तुमच्याच हातात व्हतं."

"हो."

"काकासाहेब न्हाई म्हनला तरी, रोज भोंगा झाल्यावर फिरवता आलं असतं. कुनाला कळलं बी नसतं. जिनिंग तं बंदच असायचं."

राधाकिसन पायाखालची माती बोटानं उकरू लागला.

"त्या दिवशी तुमी मालकाचं ऐकलं न्हाई, म्हनून आमचा मानूस सुटला. ह्ये मी इसरनार न्हाई. पर दिवाळीपासून रोज ऐकलं, म्हनून ह्यो हात असा झाला. ह्ये बी इसरनार न्हाई." तिचा आवाज वाढत गेला तसे पायऱ्यांवरचे लोक बघायला लागले. "अन् त्यो काकासाहेब अजून मोटारीत बसून फिरतोय. त्याला कुनी काढलं न्हाई. काढलं तुमाला! ह्ये कुठलं राज्य हाय?"

"मी काय करायला हवं होतं, मावशी?" राधाकिसननं विचारलं. तो खरंच विचारत होता.

फडक्यातली दुसरी भाकरी मोडून, तिच्यावर ठेचा ठेवून तिनं त्याच्यापुढं धरली, तीही रागानंच. कडूबा त्याला जागा करून देण्यासाठी बाजूला सरकला. उजवी बोटं मिटत नसल्यानं तो डाव्या हातानं खात होता आणि निम्मा घास मांडीवर सांडत होता. झुंबरबाईनं त्याच्यापुढची भाकरी ओढून घेतली, कालवणात कुस्करली आणि घास त्याच्या हातात ठेवता ठेवता काकासाहेबाला पुन्हा पहिल्यापासून शिव्या द्यायला सुरुवात केली.